चार पाठ, एक उपदेश: आठवड्याची तयारी कशी करता?

शब्दसेवक
पाठसूची (रविवारच्या उपासनेत वाचायच्या बायबलमधल्या उताऱ्यांची ठरलेली यादी) दर रविवारी चार उतारे हाती देते: जुन्या करारातला एक, एक स्तोत्र, प्रेषितांचं एक पत्र आणि शुभवर्तमान (येशूची चरित्रकथा). उपदेशाला मिळतात पंधरा मिनिटं. या चारांचं करायचं काय, यावर इथल्या पाळकांनी, धर्मगुरूंनी आणि उपदेश करणाऱ्या इतरांनीही लिहावं म्हणून हा धागा.

माझं मत आधीच मांडतो. उपदेश एकाच पाठाचा असावा. बाकीचे तीन वाचले जावेत, नीट ऐकले जावेत, पण त्यांना उपदेशात ओढून आणू नये. चारही पाठांतून एक समान विषय शोधायचा आणि त्यावर बोलायचं, ही सवय फार पसरली आहे. त्यातून दर रविवारी 'देवाची प्रीती', 'विश्वास', 'आशा' असे गुळगुळीत विषय निघतात. चारही उताऱ्यांना झाकेल एवढी मोठी चादर घेतली की प्रत्येक उताऱ्याचा स्वतःचा आकार दिसेनासा होतो.

तयारीचा क्रम असा. सोमवारी चारही पाठ मोठ्याने वाचायचे, टीकाग्रंथ (बायबलवरची भाष्यं) बंद. समजलं नाही, खटकलं, किंवा 'हे इथे कशाला आलं?' असं वाटलं, ते प्रश्न कागदावर. सोमवारीच पाठ निवडायचा आणि मग बदलायचा नाही. मंगळवारी त्या उताऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा अध्याय. कोण बोलतंय, कोणाशी, कोण गप्प आहे, कोणती क्रियापदं पुन्हा पुन्हा येतात. बुधवारी टीकाग्रंथ, तेही स्वतःचे प्रश्न हाताशी घेऊन. बुधवारी रात्री दोन वाक्यं लिहून व्हायला हवीत: हा उतारा काय सांगतो, आणि ऐकणाऱ्याच्या बाबतीत काय करतो (धीर देतो, हटकतो, बोलावतो, क्षमा जाहीर करतो). गुरुवारी लेखन, शुक्रवारी काटछाट, शनिवारी उभं राहून मोठ्याने एकदा.

दोन प्रश्न. पाठ निवडायची तुमची कसोटी काय? आणि शुक्रवार उजाडला तरी उतारा बोलतच नसेल तर काय करता?

दुसरा_बाक
ऐकणाऱ्यांच्या बाजूने एक विनंती. कोणत्या पाठावर बोलणार आहात ते पहिल्या मिनिटात सांगा. चार उतारे ऐकून झालेले असतात. कुठे बघायचं हे कळलं नाही तर पहिली पाच मिनिटं पानं उलटण्यात जातात.

पायवाट
शब्दसेवक, अर्धं पटलं. पण 'बाकीचे तीन' असं सरसकट म्हणता येत नाही, कारण ते तीन सारख्या नात्याने आलेले नसतात.

आम्हा कॅथलिकांची पाठसूची १९६९ ची. इतर अनेक मंडळ्या वापरतात ती रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी १९९२ ची, आणि ती आमच्या सूचीच्याच धर्तीवर वाढलेली आहे. दोन्हींत तीन वर्षांचं चक्र आहे: अ वर्ष मत्तय, ब मार्क, क लूक. योहान तिन्ही वर्षांत वाटलेला. आमच्याकडे सामान्य काळात (मोठ्या सणांच्या ऋतूंबाहेरच्या आठवड्यांत) पहिला पाठ शुभवर्तमानाकडे बघूनच निवडलेला असतो आणि स्तोत्र पहिल्या पाठाला उत्तर म्हणून येतं. पत्र मात्र आपलं आपलं, आठवड्यामागून आठवडा पुढे सरकत असतं. आगमनकाळ (नाताळाआधीचा), उपवासकाळ (ईस्टरआधीचा) आणि पुनरुत्थानकाळ (ईस्टरनंतरचा) यांत पत्रही ऋतूशी जुळवलेलं असतं.

म्हणून कसोटी अशी: आधी ऋतू कोणता ते बघा. सामान्य काळात पत्र आणि शुभवर्तमान यांची सांगड घालत बसणं म्हणजे नसलेला दुवा शोधणं. जुना करार आणि शुभवर्तमान यांचा दुवा मात्र कोणीतरी विचार करून ठेवलेला आहे, तो न पाहता पुढे जाणं हे नुकसान.

जुना_करार
पायवाट यांना जोडून. क वर्षातला दहा कुष्ठरोग्यांचा रविवार घ्या (लूक १७:११-१९). त्याच्या जोडीला २ राजे ५ मधला कुष्ठरोगी सेनापती नामान येतो. नामान अरामी, परत आलेला कुष्ठरोगी शोमरोनी. दोघेही परके. दोघेही शुद्ध झाल्यावर मागे वळतात, आणि मागे वळल्यावरच देवाबद्दल बोलतात. लूक ४:२७ मध्ये येशू स्वतः नामानाचं उदाहरण देतो, म्हणजे ही जोडी लूकच्या मनातही आहे. हे दोन पाठ शेजारी ठेवले की 'आभार मानायला शिका' एवढ्यावर उपदेश थांबत नाही. परक्याला आधी दिसलं, घरच्यांना का नाही, हा प्रश्न उभा राहतो.

त्याच रविवारी पत्राचा पाठ २ तीमथ्य २ मधला. तो आधीच्या रविवारपासून चाललेला आहे आणि पुढे दोन रविवार चालणार आहे. त्याला नामानाशी बांधायची काही गरज नाही.

मोहरीदाणा
रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेन्टेकॉस्टनंतर (ईस्टरच्या पन्नासाव्या दिवशीच्या सणानंतर) तिच्यात जुन्या कराराच्या दोन वाटा आहेत. एक शुभवर्तमानाशी जोडलेली, दुसरी सलग कथा सांगणारी. सलग वाटेत अ वर्षी उत्पत्ती आणि निर्गम, ब वर्षी शमुवेलाच्या पुस्तकांतला दावीद, क वर्षी संदेष्टे. जुना_करार यांनी सांगितलेल्या रविवारीच सलग वाटेत यिर्मया २९ येतो: घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात बंदिवान म्हणून नेलं त्याचं कल्याण शोधा. त्याचा कुष्ठरोग्यांशी मुद्दाम जुळवलेला संबंध नाही. वाट कोणती ते आधी न बघता दुवे शोधायला बसलं की मंगळवार-बुधवार वाया.

आणि एकदा धरलेली वाट हंगाम संपेपर्यंत सोडू नये. या रविवारी इकडची, पुढच्या रविवारी तिकडची असं केलं तर अब्राहाम निघतो आणि पोचतच नाही.

सूरपेटी
गायनवृंदाकडून: पाठ सोमवारी ठरतो हे वाचून आनंद झाला. आम्हाला शनिवारी कळलं तर ओळखीचीच गीतं निघतात. शक्य असेल तर तीन महिन्यांची यादी एकदम द्या. तारीख, चार पाठ, कोणत्या पाठावर बोलणार, आणि एक ओळ. बदल झाला तरी चालतो, पण रिकामा रकाना नको.

विहीरकाठ
कोणतं वर्ष चाललंय हे विसरणाऱ्यांसाठी: सनाला ३ ने नि:शेष भाग गेला तर क वर्ष. २०२५ क, २०२६ अ, २०२७ ब. फक्त वर्ष जानेवारीत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं (२७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान), म्हणून डिसेंबरात पुढचा सन धरून भागायचं.

सूरपेटी
विहीरकाठ, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. धन्यवाद!

शब्दसेवक
पायवाट, जुना_करार, तुमचा मुद्दा मान्य. 'एकाच पाठाचा' ऐवजी 'एका पाठाचा, आणि जिथे जोडी मुद्दाम घातलेली आहे तिथे जोडीचा' असं म्हणूया. तरी जोडीतलासुद्धा एकच पाठ मुख्य हवा. दोन कथा पूर्ण उलगडायला पंधरा मिनिटं पुरत नाहीत.

कंदील
मला पाठसूचीवर भरवसा ठेवायचा पण डोळे उघडे ठेवून, असं वाटतं. गाळलेली वचनं बघा. कंसात किंवा स्वल्पविरामाने तुटलेले आकडे दिसले की तिथे आधी बोट ठेवा.

नामानाचंच बघा. रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरीत वचनं १ ते ३ आणि मग ७ पासून पुढे आहेत, आणि पाठ १५ व्या वचनाच्या मध्येच थांबतो. मधल्या ४ ते ६ मध्ये काय आहे? राजाचं पत्र, दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोनं, दहा पोशाख. आणि शेवटी कापलेल्या भागात काय आहे? नामान भेट देऊ करतो आणि त्याला बरं होण्याची वाट सांगणारा संदेष्टा अलीशा ती घेत नाही. म्हणजे पैसा आत येतो तेही गेलं आणि पैसा नाकारला जातो तेही गेलं. बरं होणं विकत मिळत नाही, हा कथेचा कणा नेमका दोन्ही टोकांनी छाटला गेला. कॅथलिक सूचीत १४ ते १७ आहेत, त्यामुळे अलीशाचा नकार ऐकू येतो, पण तिथे सुरुवातीची छोटी मुलगी हरवते. संदेष्ट्याकडे जायचं सुचवणारी ती बंदी करून आणलेली मुलगी नसती तर कथा सुरूच झाली नसती.

दुसरं उदाहरण ब वर्षातलं: मार्क ६:३०-३४ आणि मग एकदम ५३-५६. मधले पाच हजारांचं भोजन आणि पाण्यावरून चालणं गायब. इथे कारण सरळ आहे, पुढच्या रविवारी तेच योहान ६ मधून येणार असतं. पण ऐकणाऱ्याला ते माहीत नसतं. उपदेशकाने एका वाक्यात सांगावं.

स्तोत्र १३९ चं कारण वेगळं. १९ ते २२ ही शत्रूंविषयीची वचनं सूचीत गाळली जातात. ती अवघड आहेत म्हणून. मंगळवारी संपूर्ण स्तोत्र वाचल्याशिवाय त्यावर बोलू नये असं माझं ठाम मत आहे.

पायवाट
कंदील, सहमत. जोडीला हेही: लूक ४ मधला नासरेथचा प्रसंग क वर्षी दोन रविवारांत तोडलेला आहे. पहिल्या रविवारी येशू यशया वाचतो आणि 'आज हे पूर्ण झालं' म्हणतो. लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघतात ते पुढच्या रविवारी. पहिल्या रविवारी सगळं गोड वाटतं. तिथे दुसऱ्या अर्ध्याची चाहूल द्यायची की थांबायचं, हे दोन्ही उपदेशांची आखणी एकत्र केली तरच ठरवता येतं.

घडीवाला
एवढा खटाटोप करण्यापेक्षा एकच पुस्तक सलग का घेत नाही? धर्मसुधारक झ्विंग्लीने १ जानेवारी १५१९ ला झुरिकमध्ये ठरलेले पाठ बाजूला ठेवले आणि मत्तय पहिल्या अध्यायापासून सुरू केला. दुसरा धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याला जिनिव्हातून घालवलं होतं. १५४१ मध्ये परत आल्यावर ज्या जागी थांबला होता तिथूनच पुढे त्याने उपदेश सुरू केला. सलग घेतलं की काही गळत नाही, आणि मंडळीला पुस्तक कळतं, तुकडे नाही.

मोहरीदाणा
घडीवाला, सलग घेण्याचा फायदा खरा आहे. पण तोटाही सांगा. रोमकरांस पत्र वचनावचनाने घेतलं तर वर्षभर शुभवर्तमानातली एक कथाही येत नाही. शिवाय पुस्तक कोणतं घ्यायचं ते उपदेशक ठरवतो, आणि प्रत्येकाची आवडती पुस्तकं ठरलेली असतात. पाठसूची नावडता उतारा समोर आणून ठेवते. अ वर्षात सलग वाट धरली की उत्पत्ती २२ येतोच, अब्राहाम सुरी घेऊन डोंगर चढतोच. स्वतःहून तो उतारा किती जण निवडतील?

मधला मार्गही आहे. सूचीतल्या पत्रांवर सलग बोला. अ वर्षी रोमकरांस, ब वर्षी इफिसकरांस आणि पुढे याकोब, क वर्षी गलतीकरांस. सलगताही राहते आणि शुभवर्तमानही वाचलं जातं.

घडीवाला
हे मान्य करण्यासारखं आहे. पत्रांची ही सोय फार कमी जण वापरतात.

वाचनपीठ
शास्त्रपाठ वाचणाऱ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. अर्धा उपदेश वाचनात होतो. पाठ वाचणाऱ्याच्या हाती गुरुवारपर्यंत पोचावा, पाळकांनी निवडलेल्या भाषांतरातला, मोठ्या अक्षरात छापलेला. वाचणाऱ्याने पेन्सिलीने श्वासाच्या जागा करून घ्याव्यात, विशेषनामं आधी चार-पाच वेळा मोठ्याने म्हणावीत. बोलणारा बदलतो तिथे किंचित थांबायचं, आवाज बदलून नाटक करायचं नाही. पाठ संपला की मनात तीन मोजून मगच समारोपाचं वाक्य.

उपवासकाळात अ वर्षी योहानाचे लांब पाठ येतात: निकदेम, शोमरोनी स्त्री, जन्मांध, लाजर. योहान ९ ची ४१ वचनं सावकाश वाचली तर सहा-सात मिनिटं लागतात. तिथे तीन-चार वाचक घ्या: निवेदक, येशू, आंधळा आणि बाकीचे. एकाच आवाजात प्रश्नोत्तरं हरवतात. आणि त्या रविवारी उपदेश दहा मिनिटांचा करा. कथेने स्वतःच बरंच काम केलेलं असतं.

दुसरा_बाक
वाचनपीठ ताई, +१. आणि वाचून झालेली गोष्ट उपदेशात पुन्हा पहिल्यापासून सांगू नये, ही माझी दुसरी विनंती.

शब्दसेवक
लांबीचा विषय निघाला आहे तर आकडे देतो. व्यासपीठावरून मराठीत सावकाश बोलताना मिनिटाला शंभर शब्द धरा. पंधरा मिनिटं म्हणजे पंधराशे शब्द. प्रत्येकाचा वेग वेगळा, म्हणून स्वतःचं एक पान घड्याळ लावून वाचून बघावं. सुरुवात दीडशे शब्दांच्या आत. दृष्टांत एक, फार तर दोन. जो दृष्टांत उताऱ्यापेक्षा जास्त लक्षात राहील तो कितीही चांगला असला तरी काढायचा. शेवटचं वाक्य गुरुवारी सगळ्यात आधी लिहायचं. ते लिहिलेलं नसलं की उपदेश उतरायला जागा शोधत घिरट्या घालतो आणि 'शेवटी' हा शब्द तीन वेळा येतो.

शुक्रवारची काटछाट म्हणजे काय, तर टीकाग्रंथातली जी माहिती मंडळीला उतारा ऐकायला मदत करत नाही ती काढणं. बुधवारी कळलेलं सगळं रविवारी सांगायचं नसतं.

पायवाट
प्राचीन मंडळीतला बिशप ऑगस्टीन याने उपदेशकाची तीन कामं सांगितली आहेत: शिकवणं, गोडी लावणं, हलवणं. काटछाट करताना प्रत्येक परिच्छेद यांपैकी काय करतो ते बघावं. बहुतेक वेळा सगळेच परिच्छेद पहिलं काम करत असतात.

विहीरकाठ
एक धोका नोंदवावासा वाटतो. परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार यांचा दाखला (लूक १८:९-१४). नेहमीचा उपदेश परूश्याला ढोंगी ठरवून सुरू होतो, आणि ऐकणारा मनात म्हणतो, 'देवा, मी त्या परूश्यासारखा नाही म्हणून तुझे आभार.' दाखला तिथेच उलटा पडतो. परूशी ढोंगी नाही. तो आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशमांश देतो, आणि हे खरं सांगतो. जकातदार खरोखर लोकांना लुबाडणारा. असा माणूस नीतिमान ठरून घरी जातो हे ऐकून चीड यायला हवी. ती येत नसेल तर दाखला अजून सांगितलाच गेला नाही.

आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) योहानातली येशूच्या दुःखसहनाची कथा वाचली जाते, तिच्यात 'यहूदी' विरोधक म्हणून येतात, तेव्हा एक वाक्य आवर्जून बोला: येशू, त्याची आई, त्याचे शिष्य सगळे यहूदीच होते. हे न बोलल्याने शतकानुशतकं यहूदी लोकांवर काय काय ओढवलं ते सर्वांना ठाऊक आहे.

मोहरीदाणा
हे फार महत्त्वाचं लिहिलंत.

टेकडी
मी पाळक नाही, दोन महिन्यांतून एकदा उपदेश करणारी. नोकरी सांभाळून सहा दिवसांचा क्रम जमत नाही. रोज अर्धा तासच मिळत असेल तर काय ठेवायचं, काय सोडायचं?

शब्दसेवक
टेकडी ताई, तुम्हाला तारीख आधी माहीत असते, हाच तुमचा फायदा. तीन आठवडे आधी सुरू करा. पहिल्या आठवड्यात रोज फक्त तो उतारा मोठ्याने वाचायचा आणि एक प्रश्न लिहायचा. दुसऱ्या आठवड्यात मागचा-पुढचा अध्याय आणि एकच टीकाग्रंथ. चार नकोत, ते एकमेकांचंच सांगतात. तिसऱ्यात लेखन. सोडायचं असेल तर टीकाग्रंथ सोडा, मोठ्याने वाचणं सोडू नका.

कंदील
आणि दोन भाषांतरं शेजारी ठेवा. जिथे ती वेगळी वाटतात तिथे टीकाग्रंथ उघडा, बाकी ठिकाणी नको. अर्धा तास पुरतो.

टेकडी
हे जमेल. आभार दोघांचे.

सूरपेटी
अवांतर: ब वर्षी योहान ६ सलग पाच रविवार येतो. पाच रविवार भाकरीचीच गीतं कुठून आणायची?

जुना_करार
सूरपेटी, पाच रविवार एकसारखे नाहीतच. पहिला: भोजन, आणि लोक त्याला राजा करायला येतात तेव्हा तो निघून जातो. दुसरा: लोक शोधत येतात, पण पोट भरलं म्हणून. तिसरा: कुरकुर, 'हा योसेफाचाच मुलगा ना?' चौथा: देह आणि रक्त, सगळ्यात कठीण. पाचवा: पुष्कळ शिष्य सोडून जातात आणि पेत्र म्हणतो, 'प्रभू, आम्ही कोणाकडे जाऊ?' म्हणजे गर्दीपासून सुरू होऊन मोजक्या उरलेल्यांपर्यंत. गीतं त्या उताराने निवडा: स्तुती, मागणं, शंका, प्रभुभोजन, समर्पण. कुरकुरीच्या रविवारी निर्गम १६ मधला मान्ना (रानात देवाने दिलेलं अन्न) आठवणीत असू द्या, तिथेही कुरकुरच आहे.

सूरपेटी
वा! आता २०२७ चा ऑगस्ट आत्ताच आखता येईल.

वाचनपीठ
शब्दसेवक, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही. शुक्रवारी उतारा बोलला नाही तर?

पायवाट
तेव्हा स्तोत्राकडे जावं. स्तोत्र मुळात प्रतिसाद आहे. पहिला पाठ ऐकून कोणीतरी आधीच देवाशी बोललेलं आहे. त्याने काय मागितलं, कशाबद्दल तक्रार केली ते बघितलं की उताऱ्यात काय ऐकायचं होतं ते बरेचदा कळतं. आठवड्यात काही भयंकर घडलं असेल तरी हेच. पाठ बदलू नये. घडलेलं मध्यस्थीच्या प्रार्थनेत नाव घेऊन यावं आणि उपदेश स्तोत्राच्या बाजूने जावा. विलापाची स्तोत्रं यासाठीच आहेत.

घडीवाला
मी म्हणेन, सोमवारचा कागद काढा. उतारा गप्प वाटतो तो बहुधा बुधवारनंतर. टीकाग्रंथांनी सगळे प्रश्न मिटवून टाकलेले असतात. सोमवारी जे खटकलं होतं आणि नंतर 'तसं काही विशेष नाही' म्हणून सोडून दिलं, तेच मंडळीलाही रविवारी खटकणार आहे, कारण त्यांनी टीकाग्रंथ वाचलेला नाही. तो प्रश्न प्रामाणिकपणे मांडा, उत्तर अर्धं असेल तर अर्धंच द्या.

शब्दसेवक
घडीवाला, हे आता क्रमात घालतो: सोमवारचा कागद फेकायचा नाही, शुक्रवारी काटछाटीच्या आधी एकदा वाचायचा. पायवाट यांची स्तोत्राची सूचनाही त्याच ठिकाणी. सूरपेटी, पुढच्या तीन महिन्यांचा तक्ता करतो आहे. तारीख, ऋतू, वाट, मुख्य पाठ, गाळलेली वचनं आणि एक ओळ, असे सहा रकाने. आणखी काय हवं ते उद्यापर्यंत सांगा.

वाचनपीठ
सातवा रकाना: वाचक किती.